रिव्हर्बचा नॉब वर नेला की हमिंग: घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह अँपमधला नेहमीचा दोष

लक्षण ओळखीचं आहे. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, अँप शांत. रिव्हर्बचा नॉब दोन-तीनवर नेला की घुमायला लागतं, आणि पाचवर गेला की गिटारपेक्षा हमिंगच मोठं. सोलापुरात घरी व्हॉल्व्ह अँप बांधून त्यात स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून सिग्नल फिरवून आवाजाला घुमारा देणारी जोडणी) बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा दोष भेटतो. मग आधी व्हॉल्व्ह बदलले जातात, त्यानंतर फिल्टरचे कंडेन्सर, शेवटी सगळी शील्ड वायर. पैसे जातात, हमिंग जागच्या जागी राहतं. माझा आग्रह एवढाच आहे की सोल्डरिंग गन तापवण्याआधी स्प्रिंगचा डबा हातात घ्या आणि फिरवून बघा. दोष बहुतेक वेळा सर्किटमध्ये नसतोच. डबा कुठे आणि कसा बसवलाय, यात असतो.

हे असं का होतं ते आधी नीट समजून घेऊ. फेंडरने १९६१ साली रिव्हर्बचं वेगळं युनिट काढलं आणि १९६३ पासून रिव्हर्ब अँपच्या आतच बसवायला सुरुवात केली. घरी बांधणारे बहुतेक जण या दुसऱ्या पद्धतीचंच सर्किट घेतात. ईसीसी८१, म्हणजेच १२एटी७ या व्हॉल्व्हचे दोन्ही ट्रायोड (सिग्नल मोठा करणारे भाग) समांतर जोडून एक छोटा ट्रान्सफॉर्मर चालवतात. त्याची सेकंडरी टँकच्या, म्हणजे स्प्रिंगच्या डब्याच्या, ८ ओहमच्या इनपुट कॉइलला जाते; ही ड्राइव्हची वायर. सिग्नल स्प्रिंगमधून थरथरत पलीकडे पोचतो आणि आउटपुट कॉइलमधून बाहेर पडतो तो फक्त काही मिलिव्होल्टचा. तो रिटर्नच्या वायरीने अँपमध्ये परत आणून ईसीसी८३ या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या एका ट्रायोडने पुन्हा मोठा करायचा; हीच रिकव्हरी. आता त्या आउटपुट कॉइलकडे बघा: लोखंडी गाभ्यावर बारीक तारेचे शेकडो वेढे. चुंबकीय क्षेत्र पकडायला मुद्दाम काही बनवायचं ठरवलं असतं, तर ते असंच बनलं असतं. आणि त्याच लाकडी पेटीत, वीतभर अंतरावर, आपण मेन ट्रान्सफॉर्मर ठेवतो.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट, आणि ती वाचून पुढे सरकू नका. या अँपमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि पिन काढल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांना जोडून कंडेन्सर उतरवा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आकडा आलेला डोळ्यांनी बघा, मगच हात घाला. जुन्या वाड्यांमध्ये अजून दोन पिनांचे सॉकेट आहेत. तिथे अर्थिंगशिवाय अँप चालवू नका, आणि हमिंग कमी होतं म्हणून अर्थची पिन तर कधीच तोडू नका. स्टेजवर एका हातात गिटारची तार आणि ओठांशी माईक असतो, तेव्हा तीच पिन जीव वाचवते.

आधी कान लावा

आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे हमिंगचा सूर गिटारवरच ओळखता येतो. गिटार नीट सुरात लावा आणि सगळ्यात जाड तारेचा तिसरा पडदा दाबून वाजवा. तो जी सूर ९८ हर्ट्‌झचा आहे. हमिंग त्याच्याशी जुळत असेल तर ते १०० हर्ट्‌झचं, म्हणजे रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या) पुढचं: फिल्टर कमी पडतोय किंवा अर्थच्या वायरीत चार्जिंगचा करंट फिरतोय. हमिंग त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ते ५० हर्ट्‌झचं: मेन ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा हीटर. हमिंगमध्ये चौथ्या मोकळ्या तारेच्या डी सुराजवळचा, किंचित चढा सूर मिसळलेला असेल तर तो १५० हर्ट्‌झ. असा सूर ऐकू आला की मला आधी ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होत असल्याचा, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नसल्याचा, संशय येतो.

मग साखळी तोडत जा

एक आरसीए पिन घ्या आणि तिचं मधलं टोक व बाहेरचं कडं डाग देऊन जोडून टाका. ही शॉर्ट पिन म्हणजे या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार. रिव्हर्ब पाचवर ठेवून ती अँपच्या रिटर्न सॉकेटमध्ये घाला. नुसती वायर काढून ऐकू नका, कारण उघडी ग्रिड (व्हॉल्व्हचं इनपुट) स्वतःच हवेतलं हमिंग ओढते आणि तुमची दिशाभूल करते.

शॉर्ट पिन असतानाही हमिंग राहिलं तर दोष रिकव्हरीच्या ट्रायोडमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये आहे. हीटरच्या दोन्ही वायरी पिळलेल्या आहेत का बघा. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही बाजूंनी १००-१०० ओहमचे रेझिस्टन्स अर्थला दिलेत का बघा. ईसीसी८३ बदलून बघण्याची वेळ फक्त इथेच येते.

शॉर्ट पिनने शांतता झाली तर पुढची पायरी. रिटर्नची वायर अँपला लावा आणि तिचं पलीकडचं टोक क्लिपने शॉर्ट करा. आता हमिंग आलं तर वायरीचं शील्ड कुठेतरी तुटलंय किंवा वायर मेन ट्रान्सफॉर्मरला खेटून जातेय. तेही नसेल तर वायर टँकच्या आउटपुटला लावा, पण ड्राइव्हची वायर काढूनच ठेवा. इथे हमिंग परतलं तर ते टँकच्या कॉइलने पकडलेलं आहे. आणि ड्राइव्ह लावल्यावरच येत असेल तर अर्थचा फेरा (अर्थच्या वायरींचं बंद वर्तुळ) किंवा सप्लायचा रिपल (डीसीत उरलेला चढ-उतार), यांपैकी एक. यांच्यात निवाडा सोपा आहे: अँप बंद करून ईसीसी८१ काढा आणि परत चालू करा. हमिंग गेलं तर रिपल, राहिलं तर अर्थचा फेरा.

टँक फिरवून बघणं

माझ्यासमोर आलेल्या अँपांत बहुतेक वेळा तपास इथेच येऊन थांबतो, म्हणून जरा सविस्तर.

टँक पेटीतून सोडवा. दीड-दोन मीटर लांबीच्या शील्ड वायरी लावून तो बाहेर हातात धरा, ड्राइव्ह काढलेलीच ठेवा. व्हॉल्यूम कमी असू द्या, नाहीतर स्प्रिंग आपटल्या की स्पीकरमधून ढगफुटी होईल. आता आउटपुटचं टोक मेन ट्रान्सफॉर्मरकडे करून सावकाश जवळ न्या. आवाज वाढत जाईल. मग अंतर तेच ठेवून टँक आडव्यातला उभा करा, कुशीवर वळवा, काटकोनात फिरवा. कुठल्या तरी एका कोनात आवाज अचानक विरघळतो, दोन बोटं इकडे-तिकडे गेलं की परत येतो. तो कोन सापडला की पेटीच्या लाकडावर खडूने रेघ मारून ठेवा. फिरवल्याने हमिंग कमी-जास्त होतं याचाच अर्थ ते क्षेत्रातून येतंय. मग सर्किटला हात लावायचं कारण उरत नाही.

कायमचा उपाय करताना पहिला नियम: आउटपुटचं टोक मेन ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब जाईल तितकं न्यायचं. अंतर दुप्पट केलं तर क्षेत्र साधारण आठवा हिस्सा उरतं, त्यामुळे पाच-सहा इंच सरकवल्यानेही कानाला कळेल एवढा फरक पडतो. अनेकांचा टँक नुसता उलटा बसवलेला असतो, म्हणजे इनपुट लांब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरखाली. त्यांनी तो टोकांची अदलाबदल करून बसवावा, बास.

टँकचा डबा लोखंडी पत्र्याचा असतो, पण त्याची एक बाजू उघडी असते आणि क्षेत्र तिथूनच शिरतं. उघडी बाजू ज्या फळीवर बसते त्या फळीवर जीआय पत्र्याचा तुकडा ठोका. पत्रा स्प्रिंगला लागता कामा नये आणि त्याची एक वायर टँकच्या डब्याला जोडलेली हवी. ॲल्युमिनियमचा पत्रा इथे कामाचा नाही. तो ५० हर्ट्‌झच्या चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ अडवतच नाही.

ट्रान्सफॉर्मर गावातच वाइंड करून घेतलेला असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. तार आणि पट्ट्या वाचवण्यासाठी प्रायमरीला वेढे कमी दिले की गाभा आधीच काठावर चालतो. लाइनचा व्होल्टेज २४५-२५० पर्यंत चढला की तो संपृक्त होतो आणि क्षेत्र भसकन बाहेर पडतं. दिवसा ठीक असलेला अँप रात्री लोड उतरल्यावर घुमतो, त्याचं हे कारण असू शकतं, तेव्हा दोन्ही वेळी सॉकेटवर मीटर लावून आकडा लिहून ठेवा. पुढचा ट्रान्सफॉर्मर घेताना वाइंडिंगवाल्याला प्रायमरी २५० व्होल्टला धरून करायला सांगा आणि सेकंडरीचे वेढे त्या हिशेबाने वाढवून घ्या. आहे त्याच ट्रान्सफॉर्मरवर उपाय हवा असेल तर बाहेरून, वेढ्यांच्याच दिशेने, तांब्याची रुंद पट्टी गुंडाळा आणि तिची दोन्ही टोकं एकमेकांना डाग देऊन पक्कं कडं करा. डाग कच्चा राहिला तर पट्टीचा उपयोग शून्य.

अर्थचा फेरा

टँकवर कोड छापलेला असतो. ८ ओहमच्या ट्रान्सफॉर्मर ड्राइव्हसाठी नेहमीचा कोड ४एबी३सी१बी. त्यातला ‘सी’ सांगतो की इनपुट डब्यापासून अलग आहे आणि आउटपुट डब्याला जोडलेलं आहे. त्या जागी ‘ए’ असेल तर दोन्ही टोकं डब्याला जोडलेली. मग दोन वायरींची शील्डं, डबा आणि चॅसी (अँपचा धातूचा सांगाडा) मिळून एक मोठा फेरा तयार होतो आणि त्यात मेनचं हमिंग फिरत राहतं. कोडवर विसंबू नका. आधी दोन्ही वायरी काढा, मग मीटर बझरवर ठेवून दोन्ही सॉकेटांच्या बाहेरच्या कड्यापासून डब्यापर्यंत तपासा.

दोन्हीकडे बझर वाजला तर अँपच्या चॅसीवरचा ड्राइव्हचा सॉकेट फायबर वॉशर घालून अलग करा. ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं थंड, म्हणजे अर्थकडचं, टोक चॅसीवरून सोडवून थेट त्या सॉकेटच्या कड्याला द्या. त्याला अर्थ आता टँकच्या डब्यातून आणि रिटर्नच्या शील्डमधून मिळेल, एकाच वाटेने. डबा लोखंडी स्क्रूने चॅसीलाही टेकलेला असेल तर हा सगळा खटाटोप वाया जातो, तेव्हा तो लाकडावरच आणि रबरी ग्रोमेटवर बसू द्या.

ईसीसी८१ काढल्यावर हमिंग गेलं असेल तर त्या व्हॉल्व्हला जिथून एचटी (उच्च डीसी व्होल्टेज) मिळतो त्या टप्प्याचा फिल्टर कंडेन्सर सुकलाय. तिथे २२ मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर टाका, व्होल्टेज रेटिंग ५०० व्होल्टचं घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडचा पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात व्हॉल्व्हची ऊब, अशा पेटीत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर लवकर म्हातारे होतात.

एक कंडेन्सर, जो सगळे चुकीचा टाकतात

रिकव्हरीच्या ट्रायोडपासून रिव्हर्बच्या पॉटकडे (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टन्सकडे) जाणारा कपलिंग कंडेन्सर मूळ सर्किटमध्ये ०.००३ मायक्रोफॅरडचा आहे. पॉट १०० किलोओहमचा. घरी हाताशी ०.०२ किंवा ०.१ चे कंडेन्सर जास्त असतात, म्हणून तेच तिथे जातात, आणि ‘आवाज भरीव येतो’ असं समाधानही वाटतं. प्रत्यक्षात ०.००३ मुळे साधारण चारशे हर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरत जातं, आणि ५० व १०० हर्ट्‌झचं हमिंग त्यातच बरंचसं गळून पडतं. ०.१ टाकला की हा उतार बारा हर्ट्‌झवर जातो, म्हणजे हमिंगला सरळ रस्ता मोकळा. स्प्रिंगच्या रिव्हर्बला खालचे सूर नकोच असतात. तिथे ते फक्त गढूळपणा आणतात. ०.००३ मिळत नसेल तर ३३२ छापलेला, ६३० व्होल्टचा कंडेन्सर घ्या. स्वस्त वस्तू आहे आणि टँक नीट बसवल्यानंतर सगळ्यात मोठा फरक हीच पाडते.

हमिंग नाही, पण नॉब वर नेला की भोंगा वाजतो

टँक परत पेटीबाहेर काढून लांब वायरींवर दुसऱ्या खोलीत न्या. भोंगा थांबला तर स्पीकरची थरथर स्प्रिंगमध्ये शिरतेय. टँक रेक्झिनच्या पिशवीत घालून खाली फोम द्या आणि स्क्रू आवळू नका. थांबला नाही तर ड्राइव्ह आणि रिटर्नच्या वायरी एकत्र बांधल्यात का ते पाहा, मग कोरड्या (रिव्हर्ब न लागलेल्या) सिग्नलच्या वाटेवरचा ३.३ मेगओहमचा रेझिस्टन्स तपासा. नारिंगी-नारिंगी-हिरवा असा तो असतो. मिणमिणत्या उजेडात नारिंगी-नारिंगी-पिवळा, म्हणजे ३३० किलोओहमचा, हाती लागला तर रिव्हर्बचा सिग्नल मागच्या टप्प्यात झिरपतो आणि परत ड्राइव्हला जाऊन पोचतो. शिवाय कोरडा आवाजही इतका चढतो की त्यापुढे रिव्हर्ब झाकोळून जातो.

मागाची खटखट

हे खास आपल्या गावचं. पूर्व भागात, अशोक चौकाच्या आसपास किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ, ज्यांच्या घराला लागून यंत्रमाग चालतात त्यांच्या अँपमधून रिव्हर्ब वर असताना धोट्याच्या ठोक्याबरोबर ‘धप्‌-झंईं’ ऐकू येतं. अँप बिघडलेला नाही. स्प्रिंग फरशीची थरथर इमानाने पुढे पाठवतेय. वरचा ३३२ चा कंडेन्सर इथेही निम्मं काम करतो. उरलेल्यासाठी टँक पेटीच्या तळाला न ठेवता बाजूच्या फळीला रबरी पट्ट्यांवर टांगा. पण उभा टांगायचा तर कोडचं शेवटचं अक्षर बघून घ्या. ‘बी’ म्हणजे आडवा, उघडी बाजू खाली, यासाठीच जुळवलेला. तो उभा केला की आतली लोंबती चौकट एका बाजूला झुकते आणि डब्याला घासू शकते. अशा वेळी टँक आडवाच ठेवा आणि सगळा अँप सोलापुरी चादरीच्या चार-सहा घड्यांवर ठेवा. जाड, घट्ट विणीची जुनी चादर यासाठी फोमपेक्षा सरस आहे, कारण फोम वजनाने चेपून बसतो.

रिव्हर्ब येतच नाही, किंवा पातळ येतो

अँप बंद करून टँकच्या दोन्ही टोकांचा डीसी रेझिस्टन्स मोजा. ‘ए’ इनपुट साधारण १ ओहमच्या आत दाखवतं, ‘बी’ आउटपुट २०० च्या आसपास. दोन्हीकडे दोनशे आले तर तुमच्याकडे १४७५ ओहम इनपुटचा टँक आलाय. ८ ओहमच्या ट्रान्सफॉर्मरवर तो कण्हतच चालणार. आकडे बरोबर असतील तर अँप चालू करून ईसीसी८१ च्या कॅथोडवर मोजा. २.२ किलोओहमवर ८-९ व्होल्ट म्हणजे व्हॉल्व्ह ठीक.

मग ट्रान्सफॉर्मरकडे वळा. पीए सिस्टिमचा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर अर्ध्या वॉटच्या टॅपवर वापरला तर २० किलोओहम मिळतात, हिशेब जुळतो. पण त्याच्या गाभ्यात फट नसते आणि व्हॉल्व्हचा चार मिलिअँपिअर डीसी त्या गाभ्याला संपृक्त करतो, म्हणून आवाज पातळ. पट्ट्या उपसून सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला करून मध्ये कागदाचा एक पदर घालून घ्या. वाइंडिंगवाल्याला ‘गॅप टाका’ म्हटलं की कळतं.

एका टोकाला मीटर काहीच दाखवत नसेल तर टँक टाकून देऊ नका. कॉइलपासून सॉकेटपर्यंत येणारी केसासारखी तार बहुतेक वेळा सॉकेटच्या डागापाशीच तुटलेली असते. भिंग घेऊन टोक शोधा, ब्लेडच्या पाठीने इनॅमल हलकेच खरवडा आणि लवचीक वायरीचा एकच धागा जोडून सॉकेटपर्यंत न्या. धाग्याला थोडी ढील ठेवा, कारण ती चौकट हलत असते आणि ताणलेला जोड पुन्हा तिथेच तुटतो.